विझार्ड झोपला की फायटर मेला

माईक नको खरं तर, एवढ्याशा हॉलला कशाला हवा, पण रेकॉर्डिंग करताहेत म्हणून धरतो हातात. सातला हॉल जाखडीवाल्यांना द्यायचाय. गणपती तोंडावर आलेत, त्यांची प्रॅक्टिस कुणी थांबवू शकत नाही आणि थांबवूही नये, ढोलकी घेऊन दोघं आत्ताच व्हरांड्यात येऊन बसलेत बघा. पत्रकात छापलंय "डी अँड डी मधला क्लास बॅलन्स, दुखणं आणि उपाय". डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन, फासे टाकत खेळायची गोष्ट. क्लास म्हणजे पात्राचा पेशा आणि सगळी पात्रं मिळून पार्टी. उपाय सांगणार आहे, तीन आहेत, लिहून आणलेत. पण आधी दुखणं, कारण दुखणं माझं आहे.

इथे बसलेल्या सगळ्यांनी वीस बाजूंचा फासा निदान एकदा तरी टाकलाय असं धरून चालतो. मागच्या रांगेतल्या काकू सोडून, त्या पावसासाठी आत आल्यात. बसा काकू, तुम्हालाही कळेल, भांडण ओळखीचंच आहे, राबतो एक आणि नाव होतं दुसऱ्याचं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वेळ संपला तरी पैसे वसूल. क्लास बॅलन्स पुस्तकात क्लासच्या पानावर नसतो. तो असतो पार्टी झोपते कधी, किती वेळा आणि कुणाच्या परवानगीने, यात, कारण विझार्डचा संपलेला स्पेल, म्हणजे मंत्र, झोपल्यावरच परत येतो. आपण काय करतो, फायटर, म्हणजे तलवारवाला, एका टर्नला किती डॅमेज करतो आणि विझार्ड, म्हणजे जादूगार, किती, याचे तक्ते मांडून रात्र रात्र भांडतो. मीही मांडलेत. त्या तक्त्यांत सगळं असतं, फक्त झोप नसते.

आता थोडं मागे जाऊ, पटकन. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी गेम काढला तेव्हा क्लास तीनच, फायटिंग मॅन, मॅजिक युजर, म्हणजे पुढचा विझार्ड, आणि क्लेरिक, म्हणजे पुजारी. चोर, म्हणजे थीफ, पुढच्या वर्षी पुरवणीत आला. तेव्हाचे लोक बॅलन्सचा विचारच करत नव्हते असं हल्लीची पोरं म्हणतात, ते साफ खोटं आहे. करत होते, पण वेगळ्या ठिकाणी करत होते. १९८१ चा बेसिक सेट काढून बघा, दुसऱ्या लेव्हलला जायला थीफला १२०० एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, क्लेरिकला १५००, फायटरला २०००, मॅजिक युजरला २५००. म्हणजे मॅजिक युजर धापा टाकत दुसरीत पोचतो तेव्हा थीफ तिसरीत जाऊन बसलेला असतो, त्याला २४०० च लागतात. पहिल्या लेव्हलला मॅजिक युजरकडे स्पेल किती? एक. एचपी, म्हणजे जीव किती त्याचे गुण, चार बाजूंच्या फाशावर, एक पडला तर एक. मांजर चावलं तरी आटोपला.

आणि खरी मेख पुढे आहे. त्या काळी डंजनमध्ये, म्हणजे भुयारात, दर वीस मिनिटांनी डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, सहा बाजूंचा फासा टाकायचा, एक आला की कोणीतरी हिंडत हिंडत तुमच्या अंगावर येणार. मशाल तासाभरात विझणार. अशा जागी विझार्ड म्हणाला की माझा एकमेव स्पेल संपला, मी आता आठ तास झोपतो, तर बाकीचे त्याला तिथेच ठेवून पुढे गेले असते. झोप महाग होती. म्हणून स्पेल महाग होता. म्हणून तलवारवाल्याला किंमत होती, कारण तलवार संपत नाही. एवढंच होतं बॅलन्सचं गणित आणि ते चालत होतं, कुरकुरत का होईना.

मग झालं काय की एक एक एडिशन, म्हणजे नियमांची नवी आवृत्ती, येत गेली आणि विझार्ड लोकांनी झोप ताब्यात घेतली. २००० साली तिसरी एडिशन आली, सगळ्यांचा एक्सपी तक्ता एकच झाला. बरोबर वाटतं ना, समान न्याय? पण थीफची ती आघाडी गेली आणि विझार्डची ती धाप गेली. २००३ च्या साडेतीन नंबरच्या एडिशनमध्ये रोप ट्रिक नावाचा स्पेल, दोरी वर फेकायची, चढायचं, वर एक अदृश्य खोली. दर लेव्हलला एक तास टिकते. आठव्या लेव्हलला किती तास? आठ. आणि रात्रीच्या झोपेला किती लागतात? आठ. (हशा) योगायोग हो, निव्वळ योगायोग. त्याच एडिशनमधल्या ड्रुइडचं, म्हणजे रानातल्या जादूवाल्याचं, तर विचारूच नका, त्याच्याबरोबर फुकट मिळणारं जनावर आमच्या फायटरपेक्षा बरं लढायचं. ड्रुइड स्वतः अस्वल होऊन, अस्वल असतानाच स्पेल टाकायचा, एक फीट, म्हणजे जादा कसब, घेतली की झालं. फायटर खेळणाऱ्या माणसाने काय करावं, चहा करावा.

हे सगळं मला शांतपणे सांगता येतंय कारण ते माझ्यावर गेलेलं नाही, मी पाचव्या एडिशनचा माणूस. २०१४ चं पुस्तक. आणि आता माझ्या रेंजरची, म्हणजे रानावनात वाट काढणाऱ्या माझ्या पात्राची, गोष्ट. आमचा डीएम समोरच बसलाय, तो म्हणेल मी वाढवून सांगतो, त्याने नंतर बोलावं, माईक माझ्याकडे आहे.

रेंजरचं नाव मी आधी वेतोबा ठेवलं होतं. रात्रभर हिंडून राखण करतो, चालून चालून वहाणा झिजतात म्हणून लोक आरवलीला नवीन वहाणा वाहतात, याहून चांगला रेंजर कुठे मिळणार? पण आजीचं माहेर शिरोड्याकडचं. तिने ऐकलंन आणि म्हणाली, देवाचं नाव घेऊन फासे टाकशील तर घरात पाऊल ठेवू नको. तर बदललं. शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, खोडलेलं अजून दिसतं.

२०१४ च्या रेंजरला पहिल्या लेव्हलला एक आवडता मुलूख निवडायचा असतो. जंगल, डोंगर, वाळवंट, दलदल वगैरे यादी आहे, त्यात समुद्रकिनाराही आहे. आता मी रत्नागिरीचा माणूस, मी काय निवडणार, बर्फ? किनारा घेतला. आणि कॅम्पेन, म्हणजे महिनोन्‌महिने चालणारी गोष्ट, सुरू झालं ते वाळवंटात. महिनेच्या महिने वाळवंट. तिथे माझा तो गुण म्हणजे शीटवर छापलेल्या चार ओळी. मी काही बोललो नाही, म्हटलं येईल आपलाही दिवस.

आणि आला. डीएमने सांगितलंन, पुढच्या वेळेपासून पार्टी खाडीत उतरणार. त्याने तयारी पण काय केली होतीन! पूर्णगडावरनं नकाशा घेतलान, मुचकुंदीचं मुख, पलीकडे किल्ला, मध्ये खारफुटीचं जंगल, भरतीला बुडणाऱ्या वाटा, मांडीपर्यंत चिखल, तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, नि कुर्ल्या शोधून पोट भरायचं, धुक्यात दिशा चुकायची. दोन सेशन पुरेल एवढा माल वहीत लिहून आणलान. मी खुशीत. दिवा घेऊन पुढे चालणारा माझाच माणूस असणार होता.

त्याने वर्णन सुरू केलंन, सगळे सरसावून बसले, आणि माझ्या मावसभावाने पुस्तक उघडलंन. मावसभाऊ म्हणजे विझार्ड, तिसऱ्या खुर्चीत बसलाय तो, हसू नकोस. त्याने वाचून दाखवलंन. आवडत्या मुलखात तासभर किंवा जास्त प्रवास असेल तर रेंजरच्या पार्टीचा अवघड जमिनीत वेग कमी होत नाही. जादू सोडून दुसऱ्या कशाने पार्टी वाट चुकत नाही. अन्न शोधलं तर दुप्पट मिळतं. डीएमने वहीकडे बघितलंन, माझ्याकडे बघितलंन, चार पानं उलटलीन आणि म्हणाला, "ठीक आहे, पोचलात."

पोचलात! (हशा) चिखल नाही, भरती नाही, कुर्ली नाही. एका वाक्यात खाडी पार. म्हणजे बघा काय डिझाईन आहे, जिथे माझा गुण लागू नाही तिथे मी बिनकामाचा आणि जिथे लागू आहे तिथे तो माझ्याच आवडीचा खेळ पुसून टाकतो. एखाद्याला पोहायला आवडतं म्हणून विहीरच बुजवून द्यायची! हे फक्त माझंच रडगाणं नव्हे बरं का. त्या रेंजरबद्दल इतकी ओरड झाली की कंपनीने २०१६ साली सुधारून प्रयोगासाठी वेगळा रेंजर काढला, २०२० मध्ये बदली पर्याय दिले आणि २०२४ च्या पुस्तकात तो गुण ठेवलाच नाही. पण माझी खाडी गेली ती गेलीच.

संपलं नाही अजून. किल्ल्याच्या दारात पोचलो. आत चौकात दहा हॉबगॉब्लिन, म्हणजे राक्षसी शिपाई, आणखी एक बुरुजावर. आम्ही पाचव्या लेव्हलचे. पाचव्या लेव्हलला काय होतं हे सांगायला नको, विझार्डला फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, मिळतो आणि आम्हाला दुसरा बाण मिळतो. मावसभावाने फायरबॉल टाकलान. दीडशे फुटांवरून, वीस फूट त्रिज्या, आठ सहा-बाजूंचे फासे, सरासरी अठ्ठावीस. हॉबगॉब्लिनला एचपी अकरा. सेव्ह केला, म्हणजे फासा टाकून बचाव साधला, तर अर्धं डॅमेज, म्हणजे चौदा. म्हणजे वाचले तरी मेले! चौक रिकामा. मग माझी पाळी. बुरुजावरच्या त्या एकट्यावर दोन बाण, एक हुकला, एक लागला, आठ डॅमेज. तीन एचपी उरले. ते रॉगने, म्हणजे आताच्या थीफने, उडवलंन.

आणि इथे माझ्या व्याख्यानाचा मुद्दा येतो. विझार्ड म्हणाला, दमलो बुवा, लॉंग रेस्ट घेऊ, म्हणजे रात्रभराची झोप. गेममध्ये वाजले होते सकाळचे दहा! रात्री झोपून, आंघोळी करून आत्ताच निघालो होतो. आणि नियम आहे की चोवीस तासांत एकदाच लॉंग रेस्टचा फायदा मिळतो. तर काय केलंनी, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबूया म्हणाले. कुठे? शत्रूच्या किल्ल्याच्या दारात. कसं? लिओमुंडची टायनी हट.

हा स्पेल ज्यांना माहीत नाही त्यांनी घरी जाऊन वाचा. तिसऱ्या लेव्हलचा, स्पेलची लेव्हल वेगळी आणि पात्राची वेगळी, म्हणजे फायरबॉलबरोबरच मिळतो. दहा फूट त्रिज्येचा घुमट, टाकणारा आणि त्याच्याबरोबर नऊ जण आरामात, आठ तास टिकतो, बाहेरचं काही आत येत नाही, आत ऊन वारा पाऊस नाही, हवा कोरडी आणि छान. आपल्याकडे जुलैत असा एखादा मिळाला तर मी पापड वाळत घालीन. आणि रिच्युअल म्हणून टाकला तर, म्हणजे दहा मिनिटं जास्त देऊन, स्लॉटसुद्धा जात नाही, स्लॉट म्हणजे दिवसाला जेवढे स्पेल टाकता येतात त्यातला एक. फुकट! ज्या झोपेने विझार्डला लगाम बसायचा ती झोपच विझार्डच्या खिशात.

आता मावसभाऊ म्हणतो पुस्तकात आहे ते वापरलं, चूक काय. चूक नाहीच. मी त्याला कधीच दोष दिला नाही, जेवायला बोलवत नाही एवढंच.

पुस्तकाचीही बाजू सांगतो. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की एका दिवसात, म्हणजे दोन लॉंग रेस्टच्या मध्ये, मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ लढाया पार्टीला झेपतात, मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट, म्हणजे तासाभराची विश्रांती. सगळे क्लास त्या हिशोबाने बेतलेत. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे स्लॉट नऊ, त्यातले फायरबॉलचे दोन, शॉर्ट रेस्टमध्ये आर्केन रिकव्हरी, म्हणजे थोडे स्लॉट परत मिळवायची सोय, लावली तर तिसरा. सात लढायांत तीन फायरबॉल वाटून बघा, चार लढाया तो बिचारा छोट्या स्पेलवर काढतो. आणि फायटरची ॲक्शन सर्ज, म्हणजे एका टर्नला जादा चाल, शॉर्ट रेस्टला परत येते, वॉरलॉकचे, म्हणजे दुसऱ्या एका जादूवाल्याचे, दोन स्लॉट शॉर्ट रेस्टला परत येतात. संध्याकाळपर्यंत फायटर तोच आणि विझार्ड निम्मा. सात लढाया झाल्या तर बॅलन्स उत्तम आहे हो! एक लढाई झाली तर विझार्ड राजा आणि आपण वाढपी.

मग आपल्याकडे दिवसाला लढाई एकच का होते? याचं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, आमच्या टेबलावर मिळालं. वस्तीची गाडी! आमच्यातला एक पावसचा, एक जयगडकडचा, शेवटची गाडी चुकली तर रात्री कुणाच्या तरी पडवीत. म्हणून सेशन दुपारी सुरू, पहिला तास भजी आणि गप्पा, मग कथा, मग एक मोठी लढाई, आणि लढाई संपली की सगळे छत्र्या शोधायला लागतात. डीएम घाईत म्हणतो, बरं, तुम्ही रेस्ट घेतली असं धरा. झालं! पुढच्या वेळी विझार्ड परत ताजातवाना, कारण मधे पंधरा दिवस गेलेत आणि किती स्लॉट उरले होते हे कुणाच्या बापाला आठवत नाही. म्हणजे आमच्या टेबलावरचा क्लास बॅलन्स गाडीच्या वेळेने ठरतो. पुण्या-मुंबईत गाडीचं बंधन नसेल, तिथे ऑफिस असेल, पोरं असतील. परिणाम तोच.

दशावतार बघा. रात्री सुरू होतो, पहाटेपर्यंत चालतो, दहीकाला होईपर्यंत सुटका नाही. संहिता नाही, संवाद जागेवर, आपल्यासारखंच. राजपार्टीवाला, म्हणजे राजाचं काम करणारा, पहिल्याच प्रवेशात सगळा दम घालवून म्हणाला का कधी, मी आता आत जाऊन झोपतो, मी ताजा झालो की पुढचा प्रवेश? रात्र लांब असते म्हणून प्रत्येकाला दम पुरवून खेळावं लागतं आणि म्हणूनच नारदालाही त्याचा वेळ मिळतो, राक्षसालाही मिळतो. आपण लांब रात्रीसाठी बांधलेला गेम अर्ध्या तासाच्या खेळात कोंबतो आणि मग रडतो की राजपार्टीच भारी आहे.

किती झाले? अरे. पावणेसात. ढोलकी लावायला लागले ते. बरं, उपाय. पटापट.

एक. रेस्टची व्याख्या बदला. हा पर्याय त्याच २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात आहे, शॉर्ट रेस्ट आठ तासांची, लॉंग रेस्ट सात दिवसांची. म्हणजे रात्री झोपलात तर शॉर्ट रेस्ट. लॉंग रेस्टसाठी गावात जाऊन आठवडाभर राहा. टायनी हटचा माज एका फटक्यात उतरतो, आठ तासच टिकते ती. लढाया मग आठवड्याभरात पसरल्या तरी चालतात, सेशनला एकच झाली तरी हिशोब जमतो. तोटा एवढाच की तासनतास टिकणाऱ्या स्पेलचा वेळ तोकडा पडतो, तो डीएमने हाताने वाढवून द्यावा.

दोन, आणि हा मला जास्त आवडतो. झोपेचा आणि ताकदीचा संबंधच तोडा. थर्टीन्थ एज नावाचा गेम आहे, २०१३ चा, तिसऱ्या एडिशनचा मुख्य डिझायनर जोनाथन ट्वीट आणि चौथीचा रॉब हाइनसू, दोघांनी मिळून केलेला. त्यात साधारण चार लढाया झाल्या की सगळं भरून मिळतं, झोपा की जागे राहा. विझार्डला कळतं की चार लढाया काढायच्यात, तो आपोआप सरळ वागतो. आमच्याकडे आता हेच लावलंय, लढाया मोजायला टेबलावर चार चिंचोके ठेवतो, एक लढाई झाली की एक उचलायचा. चिंचोके टेबलावर आहेत तोपर्यंत कुणी घोरलं तरी स्लॉट मिळत नाही. आणि निघताना प्रत्येकाच्या शीटचा फोटो ग्रुपवर, म्हणजे "धरा रेस्ट घेतली" ही भानगड नाही.

चौथ्या एडिशनने २००८ साली तिसराच रस्ता घेतला होता, सगळ्याच क्लासना रोजची, लढाईपुरती आणि कायमची अशी ताकद वाटून दिली, म्हणजे फायटर पण विझार्डएवढाच दमतो. बॅलन्सपुरतं बोलायचं तर तीच सगळ्यात प्रामाणिक एडिशन होती आणि तिलाच सगळ्यात जास्त शिव्या पडल्या, सगळे क्लास सारखे वाटतात म्हणून. यावर मला बरंच बोलायचं होतं, राहू दे.

तीन. तुम्ही झोपलात तरी जग झोपत नाही. बाहेर दहा हॉबगॉब्लिन मेलेत, कुणीतरी हाका मारणार, सकाळपर्यंत किल्ल्यात शंभर होतील, नाहीतर गलबत भरतीला निघून जाईल खजिना घेऊन. हट आतून सुरक्षित आहे, पण सकाळी ती उतरते तेव्हा बाहेर कोण उभं आहे हे डीएमने ठरवायचं. यात डीएमचं काम वाढतं आणि आमचा डीएम आधीच माझ्यावर चिडलाय, म्हणून हा तिसऱ्या नंबरवर.

लढाईबाहेरचं राहिलं. कुलूप उघडायला रॉग असताना विझार्ड नॉक, म्हणजे कुलूप उघडायचा स्पेल, टाकतो त्याचं काय, तर नॉकचा आवाज तीनशे फुटांवर ऐकू जातो, डीएमने तो ऐकू जाऊ द्यावा, बस्स. आणि वरच्या लेव्हलचं, टेलिपोर्ट, सतराव्या लेव्हलचा विश, म्हणजे मागाल ते देणारा स्पेल, वगैरे, तिथे झोपेचं गणित पुरत नाही, फायटरला चार हल्ले देऊन सुद्धा पुरत नाही. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण आमचं कुठलंच कॅम्पेन आठव्या लेव्हलच्या पुढे टिकलं नाही, कुणाचं तरी लग्न होतं नाहीतर बदली.

प्रश्न व्हरांड्यात घेऊ, खुर्च्या भिंतीला लावून द्या त्यांना मधली जागा लागते. काकू, छत्री तुमची राहिली. आणि माझा निळा डी-ट्वेंटी, म्हणजे वीस बाजूंचा फासा, मघाशी फिरवायला दिला होता तो ज्याच्याकडे असेल त्याने द्या, मावसभाऊ, खिसे दाखव.